चाकं की सिमेंट

बास्केटबॉलची एक रिंग घ्यायला आम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात लोक मुलीचं लग्न ठरवून, केळवणं उरकून मोकळे होतात. त्यात माझा घोळ किती आणि नवऱ्याचा किती, हे ठरवण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही. त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काही आठवत असेल, तर ती दमणूक.

माझं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये आणि घर मोहम्मद बिन झायद सिटीत. म्हणजे झोपायचं अबूधाबीत आणि राबायचं दुबईत. नवऱ्याची फॅक्टरी मुसफ्फात, घरापासून हाकेच्या अंतरावर. मुलीची शाळाही जवळच. घरातल्या दोघांची सोय झाली की तिसऱ्याने गैरसोय सोसायची असते, आणि तो तिसरा कोण हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पहाटे कारलिफ्टची, म्हणजे महिन्याच्या बोलीवर ने-आण करणारी व्हॅन यायची. आम्ही सगळ्या बायका आपापल्या ठरलेल्या सीटवर बसून, ओढणी तोंडावर घेऊन झोपायचो आणि संध्याकाळी तशाच झोपत परत यायचो. ऑफिसात मी मालवाहतुकीच्या विम्याचे क्लेम बघते. दिवसभर कुठल्या तरी बंदरात भिजलेल्या, फुटलेल्या, गहाळ झालेल्या मालाच्या तक्रारी वाचायच्या आणि घरी येऊन पोळ्या लाटायच्या. कधी कधी लाटणं हातात असतानाच डोळा लागेल की काय असं वाटायचं.

अशाच एका शनिवारी दुपारी जेवताना मुलगी म्हणाली, "आई, कॅन वी गेट अ हूप? फॉर आउटसाइड."

मी वरणाचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. रिंगचं मला काही नव्हतं. आमची मुलगी काहीतरी मागते आहे, याचंच नवल होतं. ती तेव्हा नववीत होती. अंगाने शेवग्याच्या शेंगेसारखी वाढलेली आणि बोलायला महाकंजूस. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर "एनीथिंग इज फाइन" म्हणणारी. शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये तिची निवड झाली होती, पण प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर असायची आणि तोवर शाळेची बस निघून जायची. आणायला जाणार कोण? मी दुबईत, नवरा फॅक्टरीत. तिने आम्हाला पेचात टाकलंच नाही, परस्पर मॅडमना सांगून नाव काढून घेतलं. आम्हाला ते पालकसभेत कळलं.

अंगणातल्या भिंतीवर, एसीच्या पाइपच्या वरच्या बाजूला, एक काळपट डाग पडायचा. मी तो दोनदा ब्रशने घासून काढला होता आणि दोन्ही वेळा तो परत आला होता. त्या दुपारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की तो बॉलचा डाग आहे. पोरगी तिथे रिंग आहे असं समजून खेळत होती.

आता आमच्यासारख्यांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांच्या इस्पितळातलं वाटेल. आखातात इतकी वर्षं राहूनही 'घर' हा शब्द आम्ही इथल्या जागेसाठी वापरत नाही. इथली ती 'जागा', 'व्हिला', फार तर 'इकडे'. घर म्हणजे पुण्यातला फ्लॅट, जो कुलूप लावून ठेवलेला असतो. चांगली वस्तू दिसली की ती 'घरी' जाते. उत्तम डिनर सेट कार्गोने पुण्याला गेला आणि कपाटात बसला. जाड, सुंदर पडदे तिकडे गेले आणि बंद खिडक्यांवर लागले. इकडे आम्ही बसतो तो सोफा एका तमिळ कुटुंबाने देश सोडताना दिलेला, जेवतो ते टेबल एका सिंधी बाईंचं, आणि फ्रिजवर आधीच्या कुणाच्या तरी मुलाने चिकटवलेले डायनासोर अजून आहेत. इथे नवीन काही घ्यायचं झालं की पहिला प्रश्न एकच: जाताना नेता येईल का? मुलीच्या लहानपणी तिला झोपाळा हवा होता, तेव्हाही "घरी गेल्यावर घेऊ" असंच म्हणालो होतो. ती मागायची कधी थांबली, ते आमच्या लक्षातही आलं नाही.

"घेऊ की," नवरा म्हणाला आणि लगेच फोन काढून बघायला लागला.

माझा नवरा वाईट माणूस नाही. तो इंजिनिअर आहे, एवढंच. जेवण संपेपर्यंत त्याने आम्हाला रिंगचे प्रकार समजावून सांगितले. एक चाकांची. तिच्या बुडाशी प्लास्टिकची मोठी टाकी असते, त्यात वाळू किंवा पाणी भरायचं आणि हवी तिकडे ढकलत न्यायची. दुसरी पक्की. जमिनीत खड्डा खणायचा, सिमेंट ओतायचं, त्यात पोल रोवायचा. भिंतीवर ठोकायचीही एक असते, पण भिंत अरबाबची. अरबाब म्हणजे आमचा घरमालक, इथे मालकाला सगळे तेच म्हणतात. त्याच्या भिंतीत कॅलेंडरसाठी खिळा मारायची आमची कधी छाती झाली नाही.

"चाकांचीच बरी," नवरा म्हणाला. "उद्या जाताना कार्गोत टाकता येईल."

'उद्या' हा शब्द त्याने अगदी सहज वापरला. पण त्या एका शब्दात आमच्या घरातलं सगळं भिजत घोंगडं होतं.

प्रश्न होता दहावीनंतरचा. नवऱ्याचं म्हणणं असं, की दहावी झाली की मी नोकरी सोडावी आणि मुलीला घेऊन पुण्याला जावं. अकरावी, बारावी, क्लासेस, प्रवेशपरीक्षा, सगळं तिकडे व्हावं. तो इथेच राहील, एखादी खोली बघेल, पैसे पाठवेल आणि सुट्टीत येईल. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांनी हेच केलं होतं आणि उरलेली निम्मी करण्याच्या बेतात होती. मला ते नको होतं. बारावीनंतर पोरगी कुठेही जाणारच, तोवर तिघं एका छपराखाली राहू, एवढंच माझं म्हणणं होतं. नोकरीवर माझा फार जीव होता असं नाही, त्या व्हॅनने तर माझा जीव अर्धा केला होता. पण संध्याकाळी दार उघडलं की आत दोघं असतात, हे मला हवं होतं.

तिघांचे दोन आणि एक झाले की काय होतं, ते मी दर पंधरवड्याला माझ्याच जेवणाच्या टेबलावर बघत होते. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर नोकरी करतो. त्याची बायको मुलाला घेऊन नाशिकला गेली, अकरावीसाठीच. तेव्हापासून तो एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहतो आणि सुट्टी मिळाली की आमच्याकडे येतो. एवढा बोलका माणूस, पण आमटी तीनदा मागून घ्यायचा आणि जेवण होईपर्यंत एक शब्द काढायचा नाही. मग मुलाला व्हिडिओ कॉल. "जेवलास का? अभ्यास झाला का?" एवढं विचारून झालं की दोघंही आपापल्या स्क्रीनकडे बघत बसायचे. मुलाच्या मिशा फुटलेल्या दिसायच्या. फोन ठेवून तो म्हणायचा, "मस्त चाललंय, वहिनी. सवय होते." त्याच्या त्या सवयीची मला धास्ती वाटायची.

म्हणून मी मनाशी ठरवलं की रिंग घ्यायची तर सिमेंटचीच. एका वर्षासाठी कुणी खड्डा खणून सिमेंट ओतत नाही. पोल एकदा रोवला की त्याच्या आजूबाजूला माणसंही राहतात, असं काहीतरी माझ्या शिणलेल्या डोक्यात बसलं होतं. हसण्यासारखं आहे, मलाही कळतं. पण नवऱ्यालाही ते बरोबर कळलं होतं, म्हणून तर तो चाकं सोडायला तयार नव्हता. आम्ही दोघं रिंगबद्दल बोलत होतो आणि दोघांपैकी एकही जण रिंगबद्दल बोलत नव्हता.

मग एका संध्याकाळी मी व्हॅनमधून उतरून घरात शिरते, तर नवरा फोनवर, "नाही हो काका, पार्किंगच्या मध्ये नाही. मागच्या बाजूला, जनरेटरशेजारी. हो हो, नेट असतं त्याला."

"कोण काका?" मी विचारलं.

फोनवर आमच्या पुण्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. रिंग घ्यायची अबूधाबीत, खेळणार पोरगी अबूधाबीत, आणि परवानगी मागत होता हा पुण्यात! त्याचं म्हणणं, घेतानाच तिकडे मावेल अशी घेऊ. पार्किंगच्या स्लॅबची उंची बघायला नको का? त्याने वॉचमनकरवी स्लॅबची उंची मोजून घेतलीसुद्धा होती. आमच्या इथल्या अंगणात मात्र तो टेप घेऊन एकदाही उतरला नव्हता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ती ही.

सेक्रेटरीकाकांनी विषय सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मग काय विचारता. कुणाच्या दुपारच्या झोपेचा प्रश्न आला. जनरेटरशेजारी ज्यांची गाडी असते, त्यांनी काचेची काळजी व्यक्त केली. एका काकूंनी लिहिलं की मुलींना कॅरम छान. मधेच कुणीतरी गुलाबाची फुलं टाकून सुप्रभात म्हटलं. शेवटी काकांनी निवाडा दिला की विषय वार्षिक सभेत घेऊ. म्हणजे आमच्या मुलीने खेळायचं की नाही, हे आता ज्या इमारतीत ती वर्षातून तीन आठवडे राहते, तिथल्या वार्षिक सभेत ठरणार होतं. मी कणिक मळत होते, ती तशीच टाकली.

"तुला इथली पोरगी दिसत नाही आणि तिकडचा स्लॅब दिसतो?"

"अगं, एका वर्षासाठी सिमेंट? जरा विचार कर."

"एका वर्षासाठी कोण म्हणालं?"

"आपलं बोलणं झालंय ना?"

"तू बोललायस. मी ऐकलंय. त्याला बोलणं झालं म्हणत नाहीत."

तो फोन उचलून बाहेर निघून गेला. ही त्याची जुनी खोड आहे, आणि त्या वेळी ती मला फार झोंबायची. मुलीच्या खोलीचं दार बंद होतं. तिच्या कानात हेडफोन असणार, असं आम्ही दोघंही धरून चाललो. तसं धरून चालणं सोयीचंच होतं.

त्यानंतर तिने रिंगचं नाव काढलं नाही. भिंतीवरचा डाग मात्र वाढत राहिला. मी तो घासायचं सोडून दिलं.

फेब्रुवारी सरत आला होता. इथे खेळायचे दिवस तेवढेच असतात, मग उन्हाळा सुरू झाला की संध्याकाळीही अंगणात पाय ठेववत नाही. म्हणून एका शुक्रवारी, ऑफिस लवकर सुटलं होतं तेव्हा, मी मनाचा हिय्या करून एकटीच अरबाबकडे गेले. तो शेजारच्या व्हिलात राहतो. आमचा व्हिलाही त्याचाच, चार भाडेकरूंना वाटून दिलेला. मागच्या बाजूचा तळमजला आणि इंटरलॉक टाइल्सचं छोटं अंगण आमच्या वाट्याला. अरबाब फाटकाशी खुर्ची टाकून, पुढ्यात खजुराचं ताट आणि गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास घेऊन बसला होता. म्हातारा आहे, पण हिंदी झकास बोलतो. तरुणपणी मुंबईला जाऊन-येऊन असायचा म्हणे. मी चाचरत चाचरत सगळं सांगितलं. चार टाइल्स उचलाव्या लागतील, छोटासा खड्डा, थोडं सिमेंट.

"पक्का लगाने का?" त्याने विचारलं.

"हां अरबाब. आपको मुश्किल नहीं हो तो."

"मेरे को माफी मुश्किल, कुछ प्रॉब्लेम नहीं. लेकिन तुम लोग जाने वाला है ना?" त्याने माझ्यासाठी गहवा ओतला. "तुम्हारा हजबंड आया था. बोला अगला साल फॅमिली जाएगा, उसके वास्ते छोटा रूम पूछा. मैं बोला, मेरे विला का पीछे वाला रूम खाली होगा तो देगा, इन्शाल्ला."

मी गहव्याचा कप न पिताच खजुराच्या ताटाशेजारी ठेवला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते खोटं नाही. नवरा खोली बघून आला होता. माझ्याशी बोलणं 'झालंय' असं तो म्हणत होता, ते त्याच्या दृष्टीने खरंच झालेलं होतं.

"अभी कुछ पक्का नहीं," मी कशीबशी म्हणाले.

अरबाब हसायला लागला. "हिंदी लोग सब ऐसा. बोलता है अगला साल जाएगा, फिर बीस साल बैठता है. लगाओ, यल्ला. पानी का पाइप दीवार के साथ जाता है, उधर मत खोदना. खलास."

परवानगी मिळाली होती, आणि मला रस्त्याच्या कडेला बसून रडावंसं वाटत होतं. घरी जाऊन मी भांडायलाही उभी राहिले नाही. अंगात ताकदच नव्हती. नवरा अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहून, एकेक चिमटा काढत, हळूच विचारलं, "तू अरबाबकडे खोली बघितलीस?"

तो काही वेळ एकाच टॉवेलची घडी करत राहिला. "विचारून ठेवलं फक्त."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"मग आता काय करतेय?"

त्याने टॉवेल खाली ठेवला. मग जे बोलला, ते त्याने इतक्या दिवसांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. फॅक्टरीत ऑर्डर कमी झाल्या आहेत. दोघांना घरी पाठवलं आहे. "मला बारावीच्या मध्यातच काढलं तर? व्हिसा गेला की महिन्या-दोन महिन्यांत गाशा गुंडाळायचा. ऐन परीक्षेत तिला कुठे घेऊन जायचं? त्यापेक्षा आधीच ती तिकडे नीट बसलेली बरी. मला काय हौस आहे का त्या खोलीची? रात्री कुणाशी बोलणार मी?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि ते तथ्य मला त्या क्षणी अजिबात नको होतं. मी एवढंच म्हणाले की तुला काढतील तेव्हा तिघं मिळून जाऊ. तो म्हणाला, तसं नसतं गं. मग आम्ही दोघांनी मिळून कपड्यांच्या घड्या घातल्या. त्या दोन महिन्यांत आम्ही मिळून केलेलं ते पहिलंच काम असावं. शेवटी असं ठरलं की उद्या दुकानात जाऊ, दोन्ही रिंगा समोर ठेवून बघू आणि काय ते एकदाचं संपवू. मुलीलाही नेऊ. ठरवण्यासाठी म्हणून नव्हे, बॉल टाकून बघायला कुणीतरी हवं म्हणून.

दुकान मोठं होतं, खेळाच्या सामानाचं. आत एसी इतका गार की माझे गुडघे दुखायला लागले. मागच्या बाजूला, सायकलींच्या पलीकडे, रिंगा ओळीने उभ्या होत्या. नवरा सरळ चाकांच्या रिंगपाशी गेला, बुडाची टाकी पायाने ढकलली, आणि ती सुळकन सरकल्यावर माझ्याकडे बघितलं. मी पक्क्या पोलवर बोटाने टकटक करून त्याच्याकडे बघितलं. सेल्समन मल्याळी होता, चेहऱ्यावरून आमच्यासारखी बरीच जोडपी बघितलेला. तो एकदा नवऱ्याकडे वळून टाकीत वाळू किती मावते ते सांगत होता, एकदा माझ्याकडे वळून खड्डा किती खोल लागतो ते. थोड्या वेळाने त्यालाही कंटाळा आला असावा. त्याने इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं, "खेलेगा कौन?"

मुलगी आमच्या मागे उभी होती, बॉल काखेत धरून.

"ओके. विच वन डू यू वॉन्ट?" त्याने तिला विचारलं.

ती म्हणाली, "द वन विथ व्हील्स."

विचार करायला तिने पळभरही वेळ घेतला नाही. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, 'बघ, मी म्हणत नव्हतो?' या अर्थाने. ज्या पोरीसाठी मी एकटी अरबाबच्या दारात गेले, तीच बापाच्या बाजूने.

"का गं?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. "पक्की का नको?"

"इट्स फाइन, आई."

"फाइन नको. का ते सांग."

तिने बॉल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बिकॉज बाबा विल शिफ्ट टु द स्मॉल रूम, ना? यू अँड मी पुण्याला गेलो की. अरबाबच्या मागच्या रूममध्ये. व्हील्स असतील तर बाबा कॅन जस्ट रोल इट देअर. सिमेंटची घेतली तर न्यू पीपल विल गेट इट." मग आमच्या तोंडांकडे बघून तिला वाटलं असावं की अजून काहीतरी समजावायला हवं. "देन व्हेन आय कम इन वेकेशन, इट विल स्टिल बी देअर. बाबाकडे."

शेजारच्या ओळीत कुणाचं तरी लहान मूल सायकलची घंटा वाजवत होतं. सेल्समनने शहाण्यासारखी मान खाली घातली.

सगळं तिला ठाऊक होतं. मला कालच कळलेली खोलीसुद्धा. हेडफोन वगैरे काही नव्हते. दार बंद करून ती आमचं भांडण ऐकत होती, आणि आम्ही ज्याच्यासाठी एकमेकांची डोकी फोडत होतो, ते तिने केव्हाच ठरलेलं समजून त्याच्या आत आपल्यापुरती सोय लावून घेतली होती. रिंग तिने नुसती खेळायला मागितली नव्हती. आपण गेल्यावर बापाजवळ आपलं काहीतरी राहावं, म्हणूनही मागितली होती. मला राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना.

नवऱ्याचा हात त्या चाकांच्या टाकीवर होता. त्याने तो काढून घेतला.

"तुला जायचंय का?" त्याने विचारलं.

दोन महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं, त्यानेही नाही आणि मीही नाही. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुठल्या उत्तराने भांडण होणार नाही, याचा अंदाज घेत होती ती. ते बघायला फार जड गेलं मला.

"नो," ती म्हणाली. आणि लगेच, "बट इट्स ओके."

त्या 'ओके'वर नवऱ्याचा चेहरा जसा झाला, तसा मी त्याचे वडील गेले तेव्हाही बघितला नव्हता. तो वळला आणि सेल्समनला म्हणाला, "भाई, सिमेंटवाला दे दो."

"सर, शुअर? एक बार लगाया तो वापस नहीं होता."

"मालूम है."

"बाबा, बट यू'ल लूज इट," मुलगी म्हणाली.

"राहू दे. आपण आहोत ना इथे." तो म्हणाला. "तिघं आहोत. नोकरी गेली तर तिघं जाऊ. अर्ध्यात गेलो तर अर्ध्यात. बघू काय ते."

खरंच बघू, यापलीकडे त्याच्याकडे काही नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं. मला वाटलं होतं तसा जिंकल्याचा आनंदबिनंद काही झाला नाही. ज्याची भीती त्याला वाटत होती, ती आता अर्धी माझ्या वाट्याला आली, एवढंच. मी व्यायामाच्या एका बाकावर बसले, विकायला ठेवलेला होता तो, आणि डोळे पुसले. सेल्समन पक्क्या रिंगचा खोका आणायला सांगायला निघाला.

"वेट," मुलगी म्हणाली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं. ती ओळीतल्या पहिल्या रिंगपासून चालत आली, एकेकीखाली थांबत, मान वर करून. चाकांची मागताना तिने एकाही रिंगकडे नजर टाकली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"नॉट धिस वन. द बोर्ड इज टू स्मॉल," ती म्हणाली. "अँड द रिम इज लूज, बघ." तिने उडी मारून रिंगला हात लावला आणि ती खडखडली. दुसरीचा बोर्ड काचेसारखा होता, तो तिला आवडला, पण पोल बारीक होता. तिसरीची उंची बदलता येत नव्हती. "आय'म स्टिल ग्रोइंग," तिने सेल्समनला सुनावलं. चौथीचं नेट लाल होतं, तिला पांढरं हवं होतं. पांढरं गोदामात आहे का, हे बघायला तिने त्याला पिटाळलं. तोवर पुन्हा पहिलीपाशी गेली, पुन्हा बॉल टाकला, पुन्हा नाक मुरडलं. तिच्या बापाने मधेच काही सुचवलं, तर "बाबा, नो, यू डोन्ट नो" म्हणून त्याला गप्प केलं. आमच्या पोरीला इतक्या गोष्टी नापसंत पडू शकतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

दुकानातली गर्दी ओसरली. सेल्समनने चौथ्यांदा शिडी हलवली. नवरा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. दोघांचेही पाय मोडून आले होते, पोटात कावळे ओरडत होते, घरी जाऊन मला अजून कुकर लावायचा होता. आणि दोघांपैकी एकानेही तिला आटप म्हटलं नाही.